नसांचं दुखणं आणि विसरभोळेपणा, दोन्हीवर एकच हर्बल कॅप्सूल : घ्यावी का?

टिळकचौकी · सोमवार, रात्री ९:४०

सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या एका हर्बल कॅप्सूलबद्दल विचारायचं आहे. नाव लिहीत नाही. जाहिरात नको आणि बदनामीही नको. बाटलीवर 'नसांना बळ, स्मृतीला तेज' असं छापलंय. ६० कॅप्सूल, ७९० रुपये, सकाळ-संध्याकाळ एकेक. चिठ्ठी लागत नाही.

लेबलवर असं आहे : अश्वगंधा १५० मिग्रॅ., ब्राह्मी १००, शंखपुष्पी १००, निर्गुंडी ७५, गुग्गुळ ५०, हळद २५. खाली आणखी बारीक अक्षरात काहीतरी आहे, ते भिंग घेऊन वाचावं लागेल.

घेणाऱ्या व्यक्तीचं वय ६४, मधुमेह ११ वर्षांपासून, पूर्ण शाकाहारी. दोन्ही तळपायांची रात्री आग होते, मुंग्या येतात. पायातली चप्पल सुटली तरी कळत नाही. चार-पाच महिन्यांत विसरणंही वाढलंय. तेच तेच विचारणं, गॅस बंद केला की नाही ते न आठवणं. चालू गोळ्या : साखरेसाठी मेटफॉर्मिन १००० दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड २, शिवाय अॅस्पिरिन ७५, आणि झोपताना नसांची एक छोटी गोळी.

प्रश्न तीन. कॅप्सूलचा उपयोग होतो का? या गोळ्यांसोबत चालते का? आणि किती दिवस घेऊन बघायची?

कडकभाकरी · ९:५२

अण्णा, कॅप्सूल घ्यायचीच विसरली तर पैसे परत मिळतात का, ते त्या बारीक अक्षरात बघा पहिलं.

होटगीरोडची_ताई · ९:५८

घेऊ द्या हो. झाडपाल्याचं आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना.

खलबत्ता · १०:२०

आधी मात्रेचा हिशेब मांडू, मग फायद्या-तोट्याचं बोलू. आयुर्वेदिक फार्माकोपियात (सरकारी औषधसंहितेत) अश्वगंधेच्या मुळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे, ब्राह्मीची १ ते ३ ग्रॅम, शंखपुष्पीची ३ ते ६ ग्रॅम. या बाटलीतून दिवसाला अश्वगंधा जाते ३०० मिलिग्रॅम. साधं चूर्ण भरलं असेल तर किमान मात्रेचा दहावा भाग. शंखपुष्पी २०० मिलिग्रॅम, म्हणजे पंधरावा.

पण घनसत्त्व भरलं असेल तर हिशेब बदलतो. दहास एक प्रमाणात काढलेल्या सत्त्वाचे ३०० मिलिग्रॅम म्हणजे ३ ग्रॅम मूळ. म्हणून लेबलवर तीन शब्द शोधा : चूर्ण आहे की घन, कोणता भाग वापरलाय (मूळ, पान की पंचांग), आणि लॅटिन नाव. तिन्ही नसतील तर आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत. अश्वगंधेत मूळच हवं. पानं स्वस्त पडतात म्हणून सत्त्वात ढकलली जातात, आणि आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलंय.

आणि ताई, 'झाडपाला म्हणून तोटा नाही' हे वाक्य कुठल्याच वैद्याच्या तोंडी शोभत नाही. बचनाग, धोतरा, बिब्बा हे तिन्ही झाडपालाच आहेत.

स्ट्रिपकटर · १०:४१

खलबत्तांशी सहमत. काउंटरच्या अलीकडून दिसतं ते सांगतो. अशा बाटल्या दोन परवान्यांवर येतात आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

एक, आयुर्वेदिक औषध. त्यावर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असते. दोन, अन्नपूरक. त्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं सक्तीचं असतं. आता दुसऱ्या प्रकारची बाटली पुढून 'नसांना बळ' म्हणते आणि मागून 'औषधी वापरासाठी नाही' म्हणते. दोन्ही एकाच खोक्यावर! शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानुसार मधुमेह, पक्षाघात, अपस्मार असल्या आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करताच येत नाही. म्हणून असले दावे खोक्यावर कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त सापडतात.

कडकभाकरी · १०:४४

गड्ड्याच्या जत्रेत तर परवाना नाही, खोकं नाही, बॅच नाही. नुसता माइक. फायदा शंभर टक्के.

स्ट्रिपकटर · १०:५३

त्या माइकवाल्या पुड्यांबद्दल चेष्टा बाजूला ठेवून लिहितो. जुन्या दुखण्याला दोन दिवसांत ऐंशी टक्के आराम पडला तर आनंद करू नका, शंका घ्या. बिननावाच्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), नाहीतर डायक्लोफेनॅक कुटून घातलेलं सापडतं. ओळख अशी : भूक वाढते, चेहरा गोल होतो, गुडघ्याखाली सूज येते, आणि मधुमेह्याची साखर खाण्यापिण्यात बदल नसताना चढते. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर एका झटक्यात बंद करायची नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. अचानक बंद केल्यावर रक्तदाब पडून माणूस कोसळतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि टप्प्याटप्प्याने सुटायचं.

निळीशाई · मंगळवार, सकाळी ७:१५

मला या धाग्यात कॅप्सूलपेक्षा पहिल्या पोस्टमधली दोन वाक्यं महत्त्वाची वाटतात. '११ वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन २ ग्रॅम' आणि 'पूर्ण शाकाहारी'. बी-१२ तपासलंय का?

मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी-१२ चं शोषण कमी होतं. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त तितकं अधिक. त्यात शाकाहारी घर, म्हणजे आवक फक्त दूध, दही, ताकातून. बी-१२ कमी पडलं की तळपायात मुंग्या येतात, तोल जातो, आणि स्मरणशक्तीही ढासळते. दोन्ही तक्रारी एकाच कारणाने. लोक हीच लक्षणं 'साखरेमुळे' आणि 'वयामुळे' अशी दोन खात्यांत टाकून मोकळे होतात.

रिपोर्ट वाचताना : २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक अॅसिड बघतात. हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल आहेत म्हणून बी-१२ ठीक असेल असं धरू नका. सोबत लोहाची कमतरता असेल तर पेशींचा आकार सरासरीत नॉर्मलच दिसतो.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची होते. लोक आधी 'नसांची' कॅप्सूल पंधरा दिवस खातात आणि मग रक्त देतात. तिच्यात मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२ च) असेल तर आकडा फुगून येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. आधी रक्त, मग गोळी. तसंच केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन मोठ्या डोसात असेल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटा कमी दिसू शकतो. दोन-तीन दिवस आधी बंद करून मग सुई टोचून घ्या.

या व्यक्तीसाठी एकदाच रक्त काढून : बी-१२, टीएसएच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), सोडियम, एसजीपीटी (यकृत), सीबीसी (रक्तपेशी). खासगी लॅबचा खर्च नको असेल तर सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत केसपेपर काढा.

होटगीरोडची_ताई · ७:४०

पण त्या कॅप्सूलचं काय झालं? सगळे रक्तावरच आले.

निळीशाई · ७:४४

ताई, भाकरी आधी का कोरड्यास आधी, असं नाहीये हे. पीठच नसेल तर तवा तापवून काय करायचं.

अनवाणी · ८:३०

'चप्पल सुटली तरी कळत नाही' यावर कुणीच बोललं नाही. आग होणं त्रासदायक खरं, पण न कळणं धोकादायक.

घरी करायची सोपी परीक्षा : माणसाला आडवं करून डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेकदा, एक-दोन सेकंद, अगदी हलकं टेकवा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, न कळल्यास पुन्हा टेकवायचं नाही. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर पाय जोखमीचा. मग डॉक्टरकडे १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या तंतूने) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने नीट तपासून घ्यायचा.

पाय जोखमीचा निघाला तर सोलापुरात खास सांभाळायच्या गोष्टी : एप्रिल-मे मध्ये अनवाणी सिद्धेश्वराच्या दर्शनाला किंवा तुळजापूरच्या वाटेला लागायचं नाही. फरशी भाजते आणि ते रात्री मोजा काढल्यावर फोड दिसतो तेव्हा कळतं. आंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहायचं. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, मिठाची पुरचुंडी, यांतलं काहीही तळपायाला नको. चप्पल घालण्याआधी झटकायची. खडा आत राहिला तर दिवसभर चालूनही कळत नाही. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघायचा. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, कॉर्न कॅपही लावायची नाही, कारण तिच्यातलं अॅसिड चांगली कातडीही खातं.

सातरस्ता · ९:०५

काश्याच्या वाटीने तळपाय घासतात त्याचं काय? तूप काळं होतं म्हणजे आतली घाण, उष्णता बाहेर येते म्हणतात.

खलबत्ता · ९:२२

वाटीचं मर्दन चांगलं आहे. झोपेआधी दहा मिनिटं घासलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. पण काळेपणाचा घाणीशी संबंध नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपातली आम्लं, तळव्याचा घाम आणि घर्षण यांनी तांब्याची अभिक्रिया होऊन काळपट हिरवा थर येतो. वाटीचा काठ मात्र बोटाने फिरवून बघा, कंगोरा असेल तर बधिर तळव्याला ओरखडा पडेल. तेलं कोमट चालतील, वाफाळती नकोत. अनवाणींनी शेकाबद्दल लिहिलंय ते भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे.

ताणाबाणा · ११:१०

थोडं अवांतर, पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या वाचकांसाठी. मुंग्या पायात नसून हातात असतील तर प्रकरण वेगळं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जातेय. यंत्रमागावर गाठी मारणारे, विड्या वळणाऱ्या बायका, शिलाईवाले, यांच्यात मनगट तासन्‌तास वाकलेलं असतं. दाबलेल्या नसेला ब्राह्मी काय करणार? मनगट सरळ राहील अशी पट्टी रात्री सहा आठवडे बांधायची, दिवसा अर्ध्या-पाऊण तासाने हात मोकळा करायचा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसायला लागला तर मात्र वाट बघायची नाही.

करंगळीकडची बाजू बधिर असेल, कोपराच्या आतल्या बाजूला नस जाड लागत असेल आणि अंगावर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी. लाजायचं काही नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर नसा वाचतात.

उंटावरचा_शहाणा · दुपारी १:०२

म्हणजे आयुर्वेद वाईट, कॅप्सूल वाईट, चांगली फक्त लॅब. कळलं.

खलबत्ता · १:३०

असं कुणी म्हटलेलं नाही, शहाणे. कुठे पुरावा आहे आणि कुठे नाही, तेवढं सांगतो.

ब्राह्मीचा स्मरणशक्तीवर परिणाम तपासणाऱ्या चाचण्या झाल्यात. त्यांत बहुधा प्रमाणित सत्त्वाचे ३०० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे, असा प्रयोग असतो. फरक पडतो तो मुख्यतः ऐकलेलं थोड्या वेळाने आठवण्यात. तोही माफक आणि दोन-तीन महिन्यांनी. आठवड्यात तेज वगैरे काही नाही. रिकाम्या पोटी मळमळ आणि शौचाला वारंवार जावं लागणं हा नेहमीचा त्रास, म्हणून जेवणानंतर, शक्यतो तुपाच्या घासासोबत. जुने लोक ब्राह्मीघृत करत ते उगाच नाही.

मात्र बाजारात 'ब्राह्मी' या नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. चाचण्या झाल्या त्या बाकोपावर. तिची पानं छोटी, लांबट, जाडसर आणि रसाळ, दांड्यावर समोरासमोर. नर्सरीत किंवा भाजीवाल्या मावशीकडे 'ब्राह्मी' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी : लांब देठ, गोलसर पान, कडा दातेरी. तीही औषधी आहे, पण ही ती नव्हे. शंखपुष्पीचं तर त्याहून अवघड. विष्णुक्रांता आणि गोकर्ण दोन्ही त्या नावाने खपतात. म्हणून लॅटिन नाव बघा म्हणालो.

मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यावर मात्र या सहा घटकांपैकी एकाचाही तेवढा भक्कम पुरावा नाही. बाटलीवर 'नसांना बळ' पुढे आणि 'स्मृतीला तेज' मागे लिहिलंय, पुरावा बरोबर उलटा आहे.

स्ट्रिपकटर · २:१५

आता दुसरा प्रश्न, सोबतच्या गोळ्यांचा. अश्वगंधा साखर थोडी खाली आणू शकते. ग्लिमेपिराइडसोबत तर दुपारी जेवण लांबलं की घाम, थरथर. अश्वगंधा थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते, थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, हळदीच्या तीव्र सत्त्वाच्याही. आमटीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये, काळी मिरी घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलबद्दल बोलतोय. हळद आणि गुग्गुळ अॅस्पिरिनसोबत असतील तर हिरड्यातून रक्त, अंगावर निळे डाग यांवर लक्ष ठेवावं.

फिट येणाऱ्यांनी तर शंखपुष्पीचं सिरप स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. फेनिटॉइन या फिटच्या गोळीची रक्तातली पातळी उतरते आणि थांबलेल्या फिट पुन्हा येतात. परीक्षेच्या दिवसांत पोरांना 'अभ्यासासाठी' म्हणून हेच सिरप पाजतात.

आणि जिन्को या स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या विदेशी झाडाच्या अर्काचं कुणी विचारायच्या आत सांगतो. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३०६९ लोकांवर मोठी चाचणी झाली, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निकाल २००८ मध्ये आला. स्मृतिभ्रंश टळला नाही.

होटगीरोडची_ताई · २:३१

बरं, माझं वाक्य मागे. पण मग पायाची आग सहन करत बसायचं का माणसाने?

स्ट्रिपकटर · २:५०

अजिबात नाही. डॉक्टरांकडे ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलिन असे पर्याय असतात. क्रिएटिनिन, वय, हृदय बघून निवडतात. वरून लावायला मिरचीतल्या कॅप्सेसिनचं ०.०७५ टक्क्यांचं मलम असतं, दिवसातून तीन-चार वेळा, सलग काही आठवडे. पहिले आठ-दहा दिवस आग वाढते, तिथेच लोक सोडून देतात. हात साबणाने धुवायचे नाहीतर डोळे चोळल्यावर कळेल. जखमेवर नको. अल्फा लायपोइक अॅसिड ६०० मिलिग्रॅमवर थोडा पुरावा आहे, तेही रिकाम्या पोटी. बाजारातल्या बऱ्याच मिश्र कॅप्सूलमध्ये ते १०० च असतं.

बी-६ जास्त असलेल्या गोळ्यांपासून जपा. मोठ्या डोसात महिनोन्महिने घेतलेलं बी-६ स्वतःच नसा खराब करतं, आणि लक्षण तेच : मुंग्या. माणूस मुंग्यांसाठी गोळी वाढवतो, गोळी मुंग्या वाढवते.

कडकभाकरी · २:५६

मिरचीचं मलम म्हणे. आम्ही शेंगाचटणी आतून लावतो, सोलापूरकराला डबल डोस पडेल की बे.

सातरस्ता · संध्याकाळी ६:२०

तिसरा प्रश्न राहिला, किती दिवस. सगळ्या तपासण्या होऊन, डॉक्टरांना विचारून, तरीही कुणाला पूरक घेऊन बघायचंच असेल तर पद्धत अशी ठेवा.

पहिले दोन आठवडे काहीच नवं सुरू करायचं नाही. रोज रात्री झोपताना एकाच वहीत दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि आगीमुळे किती वेळा जाग आली, एवढंच लिहायचं. नसांचं दुखणं आपोआप वर-खाली होतं. माणूस औषध घेतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात, पुढचा आठवडा तसाही बरा जाणार असतो. वही नसेल तर श्रेय कॅप्सूलला जातं. मग एका वेळी एकच गोष्ट, एकच घटक असलेली. सहा घटकांच्या मिश्रणाने पुरळ आलं तर कुणामुळे ते कसं ओळखणार? बारा आठवड्यांनी सरासरी काढा. दहापैकी ७ चे ५ झाले तर काही बोलता येईल. ७ चे साडेसहा म्हणजे काही नाही.

स्मरणशक्तीसाठी : दुसऱ्याने दहा साधे शब्द वाचायचे, पाच मिनिटं इतर गप्पा मारायच्या, मग किती आठवतात ते मोजायचं. दर वेळी यादी नवी. जुनीच यादी वापरली तर ती पाठ होते आणि घरात उगाच पेढे वाटले जातात. एसजीपीटी सुरू करण्याआधी एकदा आणि सहा-आठ आठवड्यांनी एकदा. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवण नकोसं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर.

आणि एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, लघवीवरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागी बधिरता आली, तर वही बाजूला टाकून थेट दवाखाना.

टिळकचौकी · रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. भिंग सापडलं. मागच्या बाजूला सर्वांत खाली : 'शुद्ध कुचला १० मिग्रॅ.' आणि त्याच्या शेजारी इंग्रजी-हिंदीत 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे'. लॅटिन नावं आहेत, ब्राह्मी बाकोपाच आहे. चूर्ण की घन ते लिहिलेलं नाही. रात्रीची छोटी गोळी म्हणजे अॅमिट्रिप्टिलिन; आधी १० होती, पाच महिन्यांपूर्वी २५ झाली.

खलबत्ता · ९:२५

कुचला! पहिल्या दिवशीच हे कळलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. कुचल्याच्या बीत स्ट्रिक्निन असतं. गोमूत्र, दूध, तूप यांतून शोधन करून मग वापरतात आणि नसांच्या विकारात त्याची जुनी ख्याती आहे. फार्माकोपियातली मात्रा ६० ते १२५ मिलिग्रॅम, त्यामुळे दिवसाचे २० मिलिग्रॅम मोठे नाहीत. पण तो औषध कायद्याच्या ई-१ अनुसूचीतल्या विषारी द्रव्यांपैकी आहे, म्हणून ती देखरेखीची सूचना छापावी लागते. शोधन कच्चं राहिलं तर स्नायू फडफडणं, जबडा-मान आखडणं, आवाजाने दचकणं. ज्या डब्यावर 'देखरेखीखाली' लिहिलंय तो बिनचिठ्ठीचा विकला जातो, ही माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात मोठी तक्रार.

स्ट्रिपकटर · ९:३८

आणि मला दुसरी ओळ जास्त बोलकी वाटते. गोळी १० ची २५ झाली पाच महिन्यांपूर्वी, विसरणं वाढलं चार-पाच महिन्यांपासून. अॅमिट्रिप्टिलिन मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनचं काम अडवतं. साठीनंतर त्याने तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, लघवी अडते आणि विसरायला होतं. ब्राह्मीचा गुण आहे असं मानतात तो नेमका उलट्या दिशेचा. एकाने सूत गुंडाळायचं, दुसऱ्याने उकलायचं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, झोप उडेल आणि दुखणं उसळेल. पण ज्यांनी २५ केली त्यांना ही तारीख दाखवा.

निळीशाई · ९:४१

तोंड कोरडं पडतं का, तेवढं विचारून ठेवा. आणि बी-१२ तरीही करा. दोन कारणं एकाच घरात सुखाने नांदतात.

टिळकचौकी · शुक्रवार, संध्याकाळी ५:५०

तोंड कोरडं पडतं, रात्री उशाशी तांब्या लागतो. बी-१२ आला १६४. टीएसएच, क्रिएटिनिन, सोडियम नॉर्मल, एचबीए१सी ७.९. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं एक दिवसाआड सुरू केली, रात्रीची गोळी पुन्हा १० वर आणली, महिन्याने बघून बदलू म्हणाले. पायाची परीक्षा केली, सहापैकी तीन ठिकाणी कळलं नाही.

निळीशाई · ६:०५

इंजेक्शनांचा कोर्स संपला की विषय संपला असं समजू नका. मेटफॉर्मिन आणि शाकाहार दोन्ही चालूच राहणार, तेव्हा पुढची सोय आत्ताच विचारून घ्या. तोंडावाटे घ्यायची गोळी १००० मायक्रोग्रॅमची असते कारण शोषण बिघडलेलं असलं तरी त्यातला साधारण एक टक्का आपसूक आत जातो, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. रोजची गरज दोन-अडीचची. मल्टिव्हिटॅमिनमधल्या एक-दीड मायक्रोग्रॅमने इथे भागत नाही. बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक अॅसिड मात्र कधीच नको; रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून खराब होत राहतात. मुंग्या सुरुवातीला थोड्या वाढल्या तर घाबरू नका, सुधारणेला महिने लागतात आणि जुनं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

अनवाणी · ६:१२

सहापैकी तीन. आजपासून घरातही चप्पल. पुढून बंद, मागे पट्टा असलेली, आणि खरेदी संध्याकाळी, पाय फुगलेले असतात तेव्हा.

होटगीरोडची_ताई · ६:३०

मग त्या ७९० रुपयांच्या बाटलीचं काय करणार?

टिळकचौकी · ६:३४

तशीच आहे. बिल आहे, पण मेडिकलवाला म्हणतो औषध परत घेत नाही.

स्ट्रिपकटर · ६:४०

झाकणाचं सील शाबूत आहे का?

टिळकचौकी · ६:४१

आहे.

स्ट्रिपकटर · ६:४८

मग बिल घेऊन जा, बाटली उलटी धरा आणि ती 'देखरेखीखाली' वाली ओळ बोटाने दाखवून विचारा, कुणाच्या देखरेखीखाली दिलीत. शांतपणे विचारा. दुकानात गिऱ्हाईक असताना.

कडकभाकरी · ६:५०

भिंग घेऊन जा अण्णा.